मराठीच तर आहे ना सगळं!

रत्नागिरीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "नागपुरात रुळायला एवढी वर्षं लागली? तिकडे काय परकी भाषा आहे? मराठीच तर आहे ना सगळं!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, घोळ त्या मराठीनेच घातला. चेन्नईला गेले असते तर आपल्याला काही कळत नाही, एवढं तरी कळलं असतं. इथे सगळं कळतंय असंच वाटायचं.

२००९च्या एप्रिलमध्ये बदली झाली आणि नागपूरच्या महाल भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण काकू दारात. "गंज आण वं, गोळ्याची कढी देते." मी म्हटलं, "गंज कसला? माझी सगळी भांडी स्टीलची आहेत." काकू बघतच राहिल्या. इकडे गंज म्हणजे पातेलं.

त्याहून बोचायचं ते 'वं'. "काय करून राहिली वं?" असं एकेरीत विचारत काकू थेट ओट्यापर्यंत यायच्या. आमचं 'गो' मायेचं आणि यांचं 'वं' उद्धट, असा माझा सरळ न्याय. महिनाभर मी त्यांच्याशी तुटक वागले. त्याची लाज आता वाटते, तेव्हा मुळीच वाटली नाही.

नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हे शाळेत पाठ केलेलं. त्याचा अर्थ कळला तो भाजीबाजारात. बटाटा मागावा तर भाजीवाला म्हणणार 'आलू', शेंगदाण्यांना 'फल्ली', कोथिंबिरीला 'सांभार'. 'करून राहिली' हे तर हिंदीतल्या 'कर रही'चं सख्खं भावंड. हे शहर पिढ्यान्‌पिढ्या हिंदीशी भिंतीला भिंत लावून राहिलेलं, आणि मी आपली त्याच्या व्याकरणाच्या चुका काढत बसलेली.

मे उजाडला. पारा ४५च्या वर. माहेरून आणलेला फणसाचा पाट मधोमध तडकला. मीठ ओलावू नये म्हणून बरणीत तांदूळ टाकायची माझी सवय पाहून काकू पोट धरून हसल्या. रोजच्या भाजीत नारळ घालते म्हटल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो!"

मग मला ऊन लागलं. काकूंनी कैरीचं पन्हं पाजलं, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या आणि तोंडाचा पट्टा सोडला, "डोक्याला दुपट्टा काहून नाही बांधला वं?" तापात ते 'वं' आणि आईचं 'गो' मला वेगळं काढता येईना.

सगळंच जमलं असं नाही हां. सावजीचा रस्सा अजून झेपत नाही. नागपूरकरांनो, माफ करा.

गेल्या दिवाळीत गाडीतून आईला फोन केला. "आई, मी येऊन राहिले गो."

ती म्हणाली, "राहतेस कुठे? चार दिवसांत परत जातेस."