१९६८चा बेसबॉल सीझन: १.१२ आणि ०.३०१ कसे वाचायचे

बॉस्टन रेड सॉक्सच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीने १९६८ साली ५३९ ॲट-बॅटमध्ये (सरासरीसाठी मोजल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या पाळ्या) १६२ हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणे) मारले. भागाकार करा: ०.३०१. एवढ्यावर तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक; दुसरी नॅशनल लीग) बॅटिंग चॅम्पियन ठरला. एक हिट कमी असता तर ०.२९९ झाले असते आणि अख्ख्या लीगमध्ये ०.३०० गाठणारा एकही फलंदाज उरला नसता. दुसऱ्या क्रमांकावरचा ओकलंडचा डॅनी केटर ०.२९०वर होता. इतक्या कमी सरासरीत मेजर लीगचा बॅटिंग किताब आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

त्याच वर्षी सेंट लुईस कार्डिनल्सचा पिचर (चेंडू टाकणारा) बॉब गिब्सन याचा ईआरए होता १.१२. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगमागे दिलेल्या 'अर्न्ड' धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकीमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत. क्रिकेटमधली बॉलिंग सरासरी विकेटने भागतात, हा आकडा इनिंगने. त्यामुळे तो इकॉनॉमी रेटच्या जास्त जवळचा. गिब्सनने एकूण ४९ धावा दिल्या, त्यातल्या ३८ अर्न्ड. ३८ गुणिले ९ म्हणजे ३४२, भागिले ३०४.६६७.

इथे नवखे हमखास फसतात. रेकॉर्डमध्ये गिब्सनच्या इनिंग '३०४.२' अशा छापलेल्या असतात. ते दशांश चिन्ह नव्हे. एका इनिंगमध्ये तीन आउट, म्हणून '.२' म्हणजे दोन तृतीयांश. स्प्रेडशीटमध्ये तसेच ३०४.२ टाकले तरी गिब्सनचे १.१२च येते, कारण इनिंग भरपूर आहेत. पण एखाद्या रिलीफ पिचरने (सामन्याच्या मध्येच बदली येणारा) '१०.२' इनिंगमध्ये ३ धावा दिल्या असतील तर खरा ईआरए २.५३ आणि चुकीचा २.६५. आधी .१चे .३३३ आणि .२चे .६६७ करून घ्या, मगच भागा.

आता मुख्य मुद्दा. हे आकडे नुसते वाचले तर गिब्सन देव वाटतो आणि यास्ट्रेम्स्की बेताचा. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. त्या वर्षी अमेरिकन लीगची एकूण बॅटिंग सरासरी ०.२३० होती. ०.३०१ला ०.२३०ने भागले की १.३१ येते. १९३० साली न्यू यॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने ०.४०१ची सरासरी काढली, पण त्या वर्षी नॅशनल लीगचीच सरासरी ०.३०३ होती, म्हणजे गुणोत्तर १.३२. शंभर पॉइंटचा (म्हणजे ०.१००चा) फरक जवळजवळ पुसला गेला! शिवाय यास्ट्रेम्स्कीला ११९ वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले होते. ॲट-बॅटमध्ये वॉक मोजत नाहीत, म्हणून सरासरीत ते दिसतच नाहीत. त्याची ऑन-बेस टक्केवारी, म्हणजे वॉक धरून बेस गाठण्याचे प्रमाण, ०.४२६ होती.

गिब्सनचेही तसेच. १९६८ला नॅशनल लीगचा ईआरए २.९९ होता, म्हणजे तो लीगपेक्षा २.६७ पट सरस. पेड्रो मार्टिनेझचा २०००चा ईआरए १.७४, पण त्या वर्षी अमेरिकन लीगचा ईआरए ४.९१ होता, पट येते २.८२. मैदानांचा फरक धरणाऱ्या ईआरए-प्लसमध्येही (लीगची सरासरी १००) पेड्रो २९१, गिब्सन २५८. माझे मत पेड्रोकडे झुकते. मात्र गिब्सनचे एक काम या भागाकारात मावत नाही. ३४ सामने सुरू केले, त्यातले २८ शेवटपर्यंत टाकले, १३ शटआउट (एकही धाव न देता). उरलेल्या सहाही सामन्यांत त्याला बाहेर काढले ते पिंच-हिटर (त्याच्याऐवजी बॅटिंगला येणारा) पाठवण्यासाठी, मार पडला म्हणून नव्हे.

मग असा पिचर ९ सामने हरतो कसा? १७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने एकच धाव दिली, रॉन हंटच्या होमरनवर. समोर गेलॉर्ड पेरीने नो-हिटर (एकही हिट न देता सामना) टाकला, सामना १-०. (दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने नो-हिटर टाकून परतफेड केली.) डेट्रॉइटचा डेनी मॅक्लेन १.९६ ईआरएवर ३१-६ (३१ विजय, ६ पराभव), गिब्सन १.१२वर २२-९. मॅक्लेनने ४१ सामने सुरू केले आणि त्याच्या टायगर्सने वर्षभरात ६७१ धावा काढल्या, कार्डिनल्सने ५८३. पिचरच्या खात्यावर लिहिलेल्या विजयात त्याच्या फलंदाजांचा वाटा किती असतो, ते इथे उघडे पडते.

हे वर्ष असे का झाले? १९६३मध्ये स्ट्राइक झोन (ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू वैध धरतात तो) वाढवून खांद्याच्या वरच्या कडेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत नेला होता. माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंच उंच, आणि पिचर ते होम प्लेट अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षाही कमी. उंचावरून येणारा चेंडू जास्त उताराने खाली येतो, आणि बॅटच्या सपाट फिरण्याला तो कमी काळ भेटतो. त्यात रात्रीचे सामने आणि स्लायडरचा (शेवटी बाजूला वळणारा वेगवान चेंडू) वाढता वापर. एका संघाच्या एका सामन्यातल्या सरासरी धावा ३.४२वर आल्या. दोनच्या आत ईआरए असलेले सात पिचर होते. लॉस एंजेलिसच्या डॉन ड्रायस्डेलने सलग ५८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग एकही धाव दिली नाही. ह्यूस्टनमधला ऑल-स्टार (दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंचा) सामनासुद्धा १-० संपला.

१९६९ला माउंड १० इंचांवर आला, झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत आखडला. धावा ४.०७वर गेल्या. श्रेय सहसा माउंडला देतात, पण सावध राहा: त्याच वर्षी कॅन्सस सिटी, सिॲटल, माँट्रियल आणि सॅन डिएगो हे चार नवे संघ आले, म्हणजे पिचिंग जास्त हातांत पातळ झाले. तीन बदल एकदम. कुणाचा वाटा किती, हे वर्षाच्या बेरजेवरून वेगळे काढता येत नाही. आणि माउंडची उंची तीच असताना १९७२ला अमेरिकन लीगच्या धावा पुन्हा ३.४७वर घसरल्या. पुढच्याच वर्षी त्या लीगने पिचरच्या जागी बॅटिंग करणारा डेझिग्नेटेड हिटर आणला.