कनकेश्वर, गुडघे आणि कांद्याची माळ

आज पहाटे अलिबागजवळच्या मापगावातून कनकेश्वरच्या देवळाचा डोंगर चढलो. गेल्या वेळी आई सोबत होती, तेव्हा ती पुढे आणि मी मागे. आज एकटाच, तरीही मागेच! नागोबाच्या टप्प्याशी पहिली बसकण मारली. एक आजी डोक्यावर फुलांची टोपली घेऊन शेजारून गेल्या. "बस बाला, देव खय जात नाय," म्हणाल्या आणि दिसेनाशा झाल्या.

इतक्या जुन्या दगडी पायऱ्या, पण अजून एकीचीही उंची दुसरीशी जुळत नाही. गुडघ्यांना विचारा.

वर पुष्करणीत पाय सोडायची इच्छा आवरली. मोकळ्या जागेवरून समुद्रात खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग दिसले. 2025 च्या जुलैत खांदेरी जागतिक वारसा यादीत गेला. इथून मात्र तो पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा दिसतो. खाली झिराड, मापगावची कौलं, आणि मध्येमध्ये नवे बंगले, निळ्या तलावांचे. दर वेळी चार जास्त.

उतरल्यावर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. भातानंतर, जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाढलेला हा कांदा. घरी येईपर्यंत दोन कच्चेच खाल्ले.