लेथ आला, टूलचं काय?

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून टूलने कापायचं मशिन, घेताना मी सगळं बघितलं होतं. स्विंग (मावेल तो सगळ्यात मोठा व्यास) १८० एमएम, दोन सेंटरमध्ये, म्हणजे लांबीला, ३५० एमएम, घरातल्या टेबलावर मावेल असा. टूलचा विचार मात्र केलाच नव्हता. खोक्यात निघालं काय, तर थ्री जॉ चक (बार पकडणारे तीन जबडे), त्याची चावी आणि एक डेड सेंटर (बारच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारं, न फिरणारं टोक). मग ऑनलाइन कठीण पण ठिसूळ कार्बाइडच्या टूलचा सेट मागवला. ८ एमएमचे दांडे, टोकाला स्क्रूने बसवलेली सोनेरी इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारे कापणारे तुकडे. दिसायला एकदम भारी.

पहिला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, २५ एमएमचा एमएस (साध्या पोलादाचा) बार. फेसिंग केलं, म्हणजे बारचं तोंड सपाट केलं, तर मधोमध मुगाएवढा टेंगूळ राहिला. अजून थोडं आत घेतलं, टूल टेंगळाखाली घुसलं आणि इन्सर्टचं टोक उडालं. दोन दिवसांत तीन इन्सर्ट गेली.

मामा कोल्हापुरात उद्यमनगरात जन्मभर टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते. रविवारी आले. सेटकडे बघितलंही नाही, खिशातून सहा इंची पट्टी काढली. बार आणि टूलचं टोक यांच्यामध्ये ती हलकेच धरली, टूल बारकडे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडने जराशी दाबली. पट्टी वरून माझ्याकडे झुकली.

"टूल खाली आहे रे. सेंटरला, बारच्या मध्याच्या उंचीला असतं तर पट्टी उभी राहिली असती."

मग माझ्या जुन्या हॅकसॉ ब्लेडचे दोन तुकडे केले, दात ग्राइंडरवर उडवले आणि टूलखाली पॅकिंग म्हणून सरकवले. पट्टी सरळ. टेंगूळ गायब!

पुढचा धडा एचएसएसचा, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या टूलचा. मामांनी ८ एमएमचा मिरांडा कंपनीचा बिट (स्वतः धार लावायचा दांडा) सोबत आणला होता. बेंच ग्राइंडरच्या राखाडी चाकावर आधी समोरचा उतार, मग बाजूचा, आठ-दहा अंशांचा. मधे मधे पाण्यात बुडवायचा, तेही हाताला चटका बसू नये म्हणून. एचएसएस एवढ्याशा तापण्याने मऊ पडत नाही. शेवटी ऑइलस्टोनवर टोक किंचित गोल केलं. पहिला बिट मी बिघडवला, उतार उलटा पडला. असं टूल कापत नाही, नुसतं घासतं. दुसरा जमला. ३०० आरपीएमला, ब्रशने थोडं तेल लावत, चिप गुंडाळत सुटायला लागली. छोट्या मशिनला दमही कमी आणि ताठपणाही कमी, तिथे धारदार एचएसएसच बरं. सेटच्या पैशांत असे कितीतरी बिट आले असते, पण ते असो.

त्यानंतर गरज पडेल तसं घेत गेलो. टेलस्टॉकसाठी (चकसमोरचा सरकता आधार) एमटी २ मापाच्या निमुळत्या आर्बरचा ड्रिल चक आणि आधी छोटा खळगा पाडणारं सेंटर ड्रिल. सेंटर ड्रिल न मारता थेट ड्रिल लावलं की ते तोंडावरच भरकटतं, हे करून बघितलंय. लांब बारला रिव्हॉल्व्हिंग सेंटर, बारसोबत फिरणारं. भोक आतून मोठं करणारा बोरिंग बार भोकात मावेल तेवढा जाड आणि लागेल तेवढाच बाहेर, नाहीतर आतल्या भिंतीवर लाटा उमटतात. चारी जबडे वेगवेगळे हलणारा फोर जॉ चक आणलाय, पण डायल गेज लावून जॉब सेंटरला आणायला मला अजून वीस मिनिटं लागतात. मामांना दोन.

राहिलं पार्टिंग, म्हणजे जॉब कापून वेगळा करणं. पातं कमीत कमी बाहेर ठेवतो, जॉबशी काटकोनात, चकच्या जवळ, कॅरेज (टूल वाहून नेणारा भाग) लॉक करून. तरी अर्ध्यावर गेलं की मशिन थरथरतं. दोन पाती मोडल्यावर मी अर्धी खाच पाडतो, मशिन बंद करतो आणि उरलेलं हॅकसॉने कापतो. मामांना हे सांगितलेलं नाही.