पैसे नाहीत म्हणून सायकल का?

सायकलवर सामान बांधून लांबच्या प्रवासाला निघालोय. चढ संपला तिथं पाणी पीत टेकलो होतो, एक काका आले, सगळं सामान नीट न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "पैसे नाहीत म्हणून सायकल का रे?"

हो पण म्हणवेना, नाही पण म्हणवेना. दिवसभर तेच डोक्यात.

पैसे कमी आहेत हे खरंय. सायकल जुनी, पण स्टीलची फ्रेम, तुटली तर साधा वेल्डरही जोडून देतो, महागड्या सायकलींच्या कार्बन फ्रेमचं तसं नाही ना. सुरुवातीचे हे दिवस मात्र शरीराचे असतात, मांड्या भरून येतात, सीटवर बसवत नाही, करंगळी बधिर होते (हँडलवर भार पडून नस दबते, सारखी पकड बदलत राहायची) आणि महागडी सायकल घेतली म्हणून यातलं फार काही टळत नाही.

निघताना काकांनी मागचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला. "हवा भरून घे, लोड मागंच आहे सगळा." अगदी बरोबर!

म्हणजे त्यांना काळजीच होती. पण कमी पैशात फिरणं म्हणजे मजबुरीच, हे आपण सगळेच इतकं पटकन का धरून चालतो?