क्रोनो ट्रिगर : जत्रेतला डबा खाऊ नका

जुन्या कन्सोलवरचा एकच रोल-प्लेइंग गेम खेळायचा तर कुठला, असं बेळगाव-निपाणीकडच्या कुणीही विचारलं तर उत्तर ठरलेलं : क्रोनो ट्रिगर. १९९५ साली स्क्वेअर या जपानी कंपनीने सुपर निन्टेंडोवर काढला. फायनल फँटसीचे साकागुची, ड्रॅगन क्वेस्टचे होरी आणि चित्रांना तोरियामा. वीस-पंचवीस तासांत संपतो, कारण त्यात पाणी घातलेलं नाही.

आता मोबाइलवर आणि स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो. २०१८ साली स्टीमवर आला तेव्हा दिसायला भिकार होता, नंतरच्या अपडेटांनी सुधारला. जुन्या प्लेस्टेशनची आवृत्ती टाळा, प्रत्येक लढाईआधी लोडिंग. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे फोन बरा. मराठी नाही, पण पाटी कानडी, घरात मराठी, शाळेत इंग्रजी अशी सवय असलेल्यांना त्यातलं इंग्रजी जड जाणार नाही.

काळात मागे-पुढे फिरायचा हा गेम सुरू होतो इ.स. १०००च्या जत्रेत. सौंदत्तीची गर्दी नव्हे, चार-सहा पालं. इथंच नवखे फसतात. टेबलावर कुणाचा तरी डबा दिसतो आणि खाल्ला की तब्येत भरते, म्हणून सगळे खातात. मार्ल नावाच्या मुलीला आपली धडक बसते तेव्हा तिची विचारपूस न करता आधी तिचं पडलेलं लॉकेट उचलतात. पुढे क्रोनोवर, म्हणजे आपल्या नायकावर, खटला चालतो आणि या एकेक गोष्टीचे साक्षीदार कोर्टात उभे राहतात! म्हणून डब्याला हात लावू नका, आधी मार्लशी बोला, लॉकेट विकायला होकार देऊ नका, ती खाऊच्या पालापाशी रेंगाळली तर ओढून नेऊ नका आणि हरवलेलं मांजर पोरीला नेऊन द्या. तुरुंग तरी चुकत नाही, पण सगळ्या पंचांनी निर्दोष म्हटलं तर कोठडीत जादूची ताकद भरून देणारे ईथर मिळतात.

लढाईसाठी सेटिंगमध्ये ‘वेट’ निवडा. टेक, म्हणजे पात्रांचे खास डाव, किंवा वस्तूंची यादी उघडली की वेळ थांबतो. शत्रू जागा बदलत राहतात, हे मात्र विसरू नका. क्रोनोचा सायक्लोन हा टेक फक्त एका टप्प्यातल्यांना लागतो, म्हणून ते एकत्र येईपर्यंत थांबायचं. निझबेल या डायनोसॉरसारख्या बड्या शत्रूवर तलवार घासत बसण्यात अर्थ नाही, आधी वीज टाका, त्याचा बचाव पडतो. काही वेळाने तो साठलेली वीज आपल्यावर सोडतो, तेव्हा मार्लला औषधपाण्यासाठी मोकळी ठेवा. जादू मिळवायची तर ‘काळाचं टोक’ या ठिकाणी जादू शिकवणाऱ्या स्पेकिओच्या खोलीत दारापासून भिंतीकडेने घड्याळाच्या दिशेने तीन फेऱ्या. उलट्या फेऱ्या चालत नाहीत.

लॉकेटमध्ये ताकद भरल्यावर काळ्या पेट्या उघडता येतात. इ.स. ६०० मधली पेटी लगेच उघडलीत तर इ.स. १००० मधली त्याच जागची रिकामी मिळेल. पेटीला हात लावा, लॉकेट चमकेल, उघडायचं विचारलं की ‘नाही’ म्हणा. मग १००० मध्ये जाऊन सुधारलेली वस्तू घ्या आणि परत ६०० मध्ये येऊन मूळचीही घ्या. दोन्ही आपल्या.

या गेमची खरी गंमत पोर्रे गावात. चंद्रदगडाचा सूर्यदगड व्हावा म्हणून तो ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या सन कीप या जागी ठेवायचा असतो, पण २३०० मध्ये गेलात तर जागा रिकामी. इ.स. १००० मधल्या पोर्रेच्या मेयरने तो दाबलाय आणि तो कवडीचुंबक, देत नाही. भांडून उपयोग नाही. त्याच गावच्या स्नेल स्टॉपमध्ये जर्की, म्हणजे वाळवलेलं मांस, ९,९०० सोन्याला विकत घ्या. इ.स. ६०० मध्ये त्याच्या पूर्वजांच्या घरची बाई ती १०,००० ला मागेल. शंभराचा फायदा दिसतोय की! घेऊ नका, फुकट द्या. ती बाई पोरांना दानधर्म शिकवते आणि ४०० वर्षांनी मेयर हसत दगड हातात ठेवतो. तो दगड १००० मध्येच सन कीपमध्ये परत ठेवा आणि २३०० मध्ये उचला. आपल्या सोबतिणीची, लुक्काची, वंडर शॉट ही बंदूक त्यातूनच बनते.