‘पिच्चरच नाही तर परवानगी कायची देऊ?’

आमच्या लघुपट स्पर्धेच्या परवानगीसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या अर्जात एक रकाना होता, ‘दाखविण्यात येणाऱ्या चित्रपटांची नावे व थोडक्यात कथा’. त्यापुढे मी लिहिलं, ‘चित्रपट अद्याप तयार व्हायचे आहेत’. टेबलापलीकडच्या बाबूंनी ते वाचलं, अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, पिच्चरच नाही तर परवानगी कायची देऊ?’’

स्पर्धा होऊन गेली, चांगली झाली, पण त्या टेबलाचा राग अजून गेलेला नाही. कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर त्याचा वेळ तरी वाचावा, म्हणून लिहिते आहे.

स्पर्धा अशी. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्या संघांना एकच विषय सांगायचा आणि रविवारी संध्याकाळी सहाला तयार लघुपट हातात घ्यायचा. लिहिणं, शूटिंग, एडिटिंग, सगळं त्या ४८ तासांत. २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला ‘फोर्टी एट अवर फिल्म प्रोजेक्ट’ सुरू झाला, तिथून हा प्रकार जगभर गेला. तिथे चिठ्ठी काढून चित्रपटाचा प्रकार ठरतो आणि सगळ्या संघांना एक पात्र, एक वस्तू व एक वाक्य सारखंच वापरावं लागतं. लांबी चार ते सात मिनिटं. या अटी असतात त्या जुनी फिल्म नवी म्हणून कुणी आणून देऊ नये म्हणून. आम्ही विषय, वस्तू आणि वाक्य ठेवलं, लांबी तीन ते पाच मिनिटं केली. मोबाईलवर एडिटिंग करणाऱ्या पोरांना तेवढं पुरतं.

म्हणजे विषय आधी कळला तर स्पर्धाच उरत नाही. हे मी बाबूंना सांगितलं. त्यांच्या साहेबांना सांगितलं. साहेब ग्रामसभेला गेले होते तेव्हा त्यांची वाट पाहत व्हरांड्यात बसले आणि आल्यावर पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ठीक आहे, पण पोलिसांची ना हरकत आणा.’’ ठाण्यात गेले तर तिथे विचारलं, ‘‘त्या कार्यालयाचं पत्र कुठाय?’’ परत आले तर बाबूंनी कलाकारांची यादी मागितली. कलाकार कोण, हे शुक्रवारच्या रात्री संघ ठरवणार, ते मी आज कुठून आणू? मग एके दिवशी नवीन निघालं, ‘‘सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागते.’’ नुसता अर्ज ठेवून घ्या म्हटलं तर आवक क्रमांक द्यायला तयार नाहीत, कारण अर्ज ‘अपूर्ण’ होता.

एकाने बाजूला घेऊन सल्ला दिला, ‘‘मॅडम, कोणतेही चार नावं टाकून द्या ना. कोण पाह्यते?’’ मी टाकली नाहीत. खाली माझी सही होती. शिवाय मी अकरावी-बारावीला शिकवते. स्पर्धेत उतरणारी निम्मी पोरं माझ्या वर्गातली. त्यांना जुनी फिल्म आणू नका म्हणून सांगायचं आणि आपण खोट्या नावांचा अर्ज द्यायचा, हे मला जमणारं नव्हतं.

सर्टिफिकेटच्या बाबतीत मात्र बाबूंचं चूक नव्हतं. चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, हे १९५२ च्या कायद्यातच आहे. चौकात पडदा लावून येईल त्याला फिल्म दाखवायची आमची मूळ कल्पना होती. ती सोडावी लागली.

गाठ सोडवली ती नाटकवाल्याने. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या कंपन्यांचं मोठं ठिकाण. तिथल्या एका व्यवस्थापकाचा जन्म या परवानग्यांत गेला. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, ‘‘बाई, पिच्चरची परवानगी मागूच नोका. जागेची मांगा, माणसाईची मांगा, भोंग्याची मांगा.’’

मी अर्ज नव्याने लिहिला. जागा शाळेचं सभागृह, सोबत संस्थेचं संमतीपत्र. प्रेक्षक फक्त स्पर्धक, त्यांच्या घरचे आणि नावानिशी बोलावलेले पाहुणे, तिकीट नाही. ध्वनिक्षेपक रात्री साडेनऊला बंद, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा त्यावर बंधन आहे. गाड्या कुठे लावणार, स्वयंसेवक कोण, हेही लिहिलं. आणि कामी आलेली गोष्ट म्हणजे आम्ही फिल्म रविवारी रात्री न दाखवता पुढच्या शनिवारी दाखवायचं ठरवलं. मधल्या आठवड्यात तिघांची समिती सगळ्या फिल्म पाहील आणि नावं व कथा कार्यालयाला कळवील, असं अर्जातच लिहून दिलं. रकाना भरला, तोही खरा. आवक क्रमांक मिळाला तेव्हा मी तो कागद तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचला.

मधल्या आठवड्याचा दुसराही उपयोग झाला. दोन फिल्मचा आवाज डाव्याच स्पीकरमधून येत होता. रविवारीच दाखवल्या असत्या तर पोरांची मेहनत वाया गेली असती.

फिल्म पेनड्राइव्हवर, समोरासमोर हातातच घ्या. आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, लाईटचाही नाही, आणि व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जाऊन चित्र फुटतं. संघासमोर फाईल लॅपटॉपवर उघडून शेवटापर्यंत चालवून बघा, मगच वेळ टाका. मोबाईल आडवा धरून शूट करा, हे नियमात पहिलं लिहा. सिनेमाची गाणी बंद ठेवा, कारण हक्क आपले नसतात. आमच्या एका संघाने गावातल्या दंडारवाल्याला (दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य) बोलावून ढोलकी वाजवून घेतली. भाड्याच्या कुठल्याही संगीतापेक्षा ते सरस वाटलं.

हे आधी सांगायला हवं होतं: जंगलात शूटिंग नाही, आणि दिवस मावळल्यावर गावाबाहेर कुणीच नाही. ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या आम्हाला नव्या नाहीत. पोरांना एकदा कॅमेऱ्याची धुंदी चढली की भान राहत नाही. आम्ही ही अट पालकांच्या सहीसकट घेतली. प्रत्येक संघाच्या खिशात ठाण्याच्या पोचेच्या पत्राची झेरॉक्सही दिली, म्हणजे बसस्टँडवर कुणी हटकलं तर दाखवता येईल.

तारीख निवडताना आपल्या गावातल्या मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या), शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) आणि नाटकाच्या तारखा सांभाळा. त्या दिवसांत साउंडवाला मिळत नाही आणि घरी माणूसही सापडत नाही. धान घरात आल्यावरचा आणि बारावीच्या परीक्षेआधीचा जानेवारी आम्हाला बरा पडला.

विषयावर आमच्यात भांडण झालं. ‘शेतकरी आत्महत्या’ ठेवा, असा आग्रह होता. मी विरोध केला. बाहेरचे लोक विदर्भ म्हटलं की तेवढंच मागतात, आणि पोरांनीही दोराचा शॉट घेऊन मोकळं व्हावं, हे मला नको होतं. ते दुःख ज्या घरात घडलं ती घरं आमच्या वर्गात बसतात. शेवटी विषय ठेवला ‘उसनं’, वस्तू धान पाखडायचं ‘सूप’ आणि वाक्य ‘‘ते माझं नोहे जी’’. अंगणातच सापडेल असा विषय द्या, एवढं माझं ठाम मत झालं आहे.

पहिलं बक्षीस बचत गटातल्या बायांना गेलं. जावेने उसनं नेलेलं सूप परत मागायला निघालेली बाई, आणि दारापर्यंत जाऊन न मागता परतते. सगळी फिल्म एका मोबाईलवर, एका गल्लीत केलेली. त्यांच्यातल्या एकीनेही त्याआधी एडिटिंग केलेलं नव्हतं. शनिवारी सभागृहात ती फिल्म संपली तेव्हा मागच्या बाकांवरून ‘‘पुन्हा लावा’’ असा गलका झाला आणि साडेनऊच्या आत आम्ही ती पुन्हा लावली.

पुढच्या जानेवारीचा अर्ज आम्ही गणपतीतच दिला. या वेळी अर्जाची दुसरी प्रत सोबत नेली आणि पोच त्याच प्रतीवर, शिक्क्यासकट घेतली.