आमची वाटचाल : जेल रोडचं दुकान आणि ते चाळीस टू-इन-वन

2011 साली मामेभावाबरोबर इंदूरच्या जेल रोडला आठ बाय दहाचं दुकान घेतलं. तेव्हा सात इंची अँड्रॉइड टॅबलेटची चलती होती. त्यांत टचची काच आणि आतला डिस्प्ले वेगवेगळा. काच फुटली की हॉट एअरनं गरम करायची, पिकनं (पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं) उचलायची, दुहेरी टेपवर नवी बसवायची. अर्ध्या तासात गिऱ्हाईक मोकळं. पुढे फोनच साडेपाच-सहा इंचांचे झाले आणि ते काम आटलं.

मग टॅबलेटला कीबोर्ड आला. 2012 च्या मायक्रोसॉफ्टच्या सरफेस आरटी टॅबलेटवर जुनी विंडोज सॉफ्टवेअरं चालतच नव्हती. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली न चालणारं विंडोज इंदूरचा व्यापारी कशाला घेईल? ॲटम प्रोसेसरची स्वस्त टू-इन-वन, म्हणजे कीबोर्ड लावला की लॅपटॉप होणारे टॅबलेट, आली, त्यांवर टॅली चालली. मला वाटलं, टॅबलेटचा धंदा आता इकडेच वळणार. अंदाज खरा होता, माल चुकला.

2015 च्या दिवाळीला चाळीस नग उचलले, आईच्या पाटल्या गहाण ठेवून. 2 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज, तेही बोर्डावरच सोल्डर केलेलं, म्हणजे बदलता न येणारं. लक्ष्मीपूजन 11 नोव्हेंबरला झालं आणि 12 ला विंडोज 10 चं पहिलं मोठं अपडेट निघालं. बत्तीसातले मशीनमध्ये दिसतात एकोणतीस. त्यात विंडोज, रिकव्हरी, ऑफिस, टॅली. सी ड्राइव्ह भरून लाल, अपडेट अर्ध्यात अडकलेलं. पंधरवड्यात सव्वीस मशीन काउंटरवर परत. ज्याच्याकडून माल घेतला त्यानं फोन उचलणं बंद केलं. शेजारचा दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “यांनी डुप्लिकेट माल विकला.” तेच मॉडेल त्याच्या काचेत लावलेलं होतं! हे मी अजून विसरलेलो नाही. मामेभाऊ त्याच महिन्यात वेगळा झाला.

लोकमान्य नगरच्या एका सीए काकांनी ऑफिसच्या मुलांसाठी सहा नग नेले होते. सहाही घेऊन आले. मी पैसे परत द्यायला ड्रॉवर उघडला. काका म्हणाले, “पैसे राहू दे रे. टीडीएसच्या तारखेआधी माझी पोरं कामाला बसली पाहिजेत, एवढं बघ.” त्या रात्रीपासून बसलो. टॅबलेटला यूएसबी जोडायचा ओटीजी हब, पेन ड्राइव्ह, जुनी पार्टिशनं उडवून कोरं विंडोज, डेटा मायक्रो एसडीवर. तीन आठवड्यांत सव्वीसच्या सव्वीस चालू करून दिली. पाटल्या सुटायला दोन वर्षं लागली.

त्यानंतर रिपेअरिंगच धरलं, आणि ते नीट चाललं.

याच काळात टॅबलेटही बदलला. 2015 अखेरीस 12.9 इंची आयपॅड प्रो आला, त्याला जोडायचा कीबोर्ड वेगळा घ्यायचा, 2020 मध्ये आयपॅडला ट्रॅकपॅडही चालू लागला. आता गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न, “याला कीबोर्ड लागतो ना?” आमच्या टेबलावर मात्र काम अवघड झालं. काच आणि डिस्प्ले एकजीव, कडेला गोंद. सरफेस उघडायचा तर हीट मॅटवर ठेवून कडा मऊ होऊ द्यायच्या, सक्शन कपनं केसभर फट करायची आणि पातळ पिक मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकवायची. घाई केली की कोपऱ्यातून तडा जातो आणि आख्खा पॅनल गेला. 2021 च्या सरफेस प्रो 7 प्लसमध्ये एसएसडी (स्टोरेज) मागच्या छोट्या झाकणाखाली आली, तेवढा जीव वाचला.

घेणाऱ्यांनी एक ऐका. विंडोज असेल तर 128 जीबीच्या खाली घेऊ नका. कीबोर्डाची किंमत वेगळी विचारा. जाहिरातीत ती बहुधा धरलेली नसते. आणि काच कडेनं उचलल्यासारखी दिसली तर बॅटरी फुगली असं समजा, चार्जिंग त्याच क्षणी काढा.

काकांकडे त्या सहातलं एक मशीन अजून आहे. बॅटरी मी दोनदा बदलली. गेल्या महिन्यात त्यांचा नातू घेऊन आला, कीबोर्ड धरत नव्हता. कीबोर्ड जोडणाऱ्या पोगो पिनांवर हिरवट थर चढला होता. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसून खोडरबर फिरवलं, मशीन बसवलं, टॅली उघडली. अजून 2015 च्याच कंपनीच्या नावानं उघडते.